पिवळ्या व्हॅनची तीट

१

गाडी चोरीला गेली म्हणून कुणी ठाण्यात आलं, की हवालदार सुलक्षणा सगळ्यात आधी गाडीचा नंबर विचारायची. त्या दिवशीही तिने सवयीने विचारला. समोरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, नंबर आहे, पण आरटीओचा नाही. मग त्यांनी टेबलावर आपला तळहात उघडा करून ठेवला आणि म्हणाले, गाडी एवढी आहे.

सन २००६. दसरा होऊन आठवडा उलटला होता आणि दिवाळीचा बंदोबस्त पुढ्यात होता. नवरात्रभर उभं राहून सुलक्षणाचे पाय असे सुजले होते, की टेबलाखाली ती बूट काढूनच बसायची. एवढ्याशा खेळण्याच्या गाडीसाठी पुन्हा ते बूट चढवायचे या विचारानेच तिला कंटाळा आला. पण माणूस सत्तरीच्या पुढचा, धुवट सदरा घातलेला, आणि बोलणं अगदी मोजकं. त्याला उठवून लावायचं तिच्या जिवावर आलं.

त्यांचं नाव बंडोपंत. जन्मभर रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर घोटावड्याजवळ छोटं घर बांधून नवराबायको राहिली. छंद म्हणाल तर एकच. जुन्या टीव्ही मालिकांमधल्या गाड्यांच्या धातूच्या ओतीव प्रतिकृती जमवायच्या. कुठली पोलिसांची जीप, कुठली डिटेक्टिव्हची मोटार, कुठला आगीचा बंब. त्यांत सगळ्यात लाडकी म्हणजे 'नॉर्थ पॉइंट रेस्क्यू' या परदेशी मालिकेतली पिवळी व्हॅन. मालिका त्यांनी पाहिली ती शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. व्हॅन राखाडीच असणार असं ते कित्येक वर्षं धरून चालले होते. प्रतिकृती हातात आली तेव्हा कुठे कळलं की ती पिवळी आहे, आणि त्या दिवशी आपण लहान पोरासारखे घरभर नाचलो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

सुलक्षणाने विचारलं, मग ती व्हॅन गेली कधी?

"गेली नाही. कपाटात जागच्या जागी आहे," बंडोपंत म्हणाले. "पण ती माझी नाही."

२

साहेबांच्या केबिनमध्ये तोवर फोन वाजून गेला होता. बंडोपंतांचा मुलगा शैलेश, बावधनला राहणारा आणि हिंजवडीत नोकरी करणारा, कळवळून सांगत होता की वडिलांच्या डोक्यावर परिणाम झालाय, तक्रार घेऊ नका, उगाच शोभा होते. विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था पुण्यात होती. दिवाळी झाली की तो त्यांना तिथे ठेवणार होता. आई बावधनला येईल आणि घराला कुलूप लागेल. साहेबांनी सुलक्षणाला एवढंच सांगितलं, की जाऊन या, म्हाताऱ्याची समजूत घाला आणि विषय मिटवा.

जीप घोटावड्याला पोचली. घराच्या फाटकाशी बंडोपंत थांबले.

"गाडी बदललेली असेल तर मी शहाणा," ते म्हणाले. "बदललेली नसेल तर मला वेडा म्हणायला सगळे मोकळे. चोर नाही सापडला तरी चालेल बाई, तेवढं एक ठरवून द्या."

इतका साधा हिशेब घेऊन तिच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं. तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली की कामाला उशीर होतो हे माहीत असल्यामुळे स्वतःचा रागही आला.

पुढच्या खोलीत काचेचं कपाट होतं. कुलूप चांगलं, काच शाबूत, कुठे ओरखडा नाही. किल्ली कुणाकडे असते विचारलं, तर बंडोपंतांनी सदऱ्याच्या गळ्यातून जानवं बाहेर ओढलं. किल्ली जानव्याला बांधलेली. आंघोळीलासुद्धा ती काढत नाही, म्हणाले. वर्षातून एकदा श्रावणीला जानवं बदलतो तेव्हा काय ती घटकाभर पाटावर पडते. आणि श्रावणीनंतर, गणपतीत, अनिमेषने या व्हॅनचा फोटो काढला तेव्हा ती अस्सल होती. हा अनिमेष म्हणजे हिंजवडीतलाच एक तरुण इंजिनिअर, त्यांच्यासारखाच गाड्यांचा नादिष्ट, दर रविवारी येणारा.

सुलक्षणा किल्लीकडे नुसती बघत राहिली. गाठ तिच्या ओळखीची होती. दोऱ्याचा फास दोन वेळा फिरवून खेचलेली, फुलं गुंफणाऱ्या बाया मारतात तशी. खिडकीपाशी बंडोपंतांची बायको उषाकाकू अबोलीचा गजरा करत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

व्हॅन तिने हातात घेतली. चांगली जड होती. पिवळा रंग, बाजूला लाल पट्टा, टपावर शिडी. तिला तरी तीत काही खोट दिसेना. बंडोपंत म्हणाले, हा पिवळा तो नाहीच. तो जरा लोण्याकडे झुकणारा होता, आणि हा शाळेच्या बसचा पिवळा आहे. उभं आयुष्य आपण हेच केलं, पिवळ्यातला पिवळा निवडला, आणि आता मुलगा म्हणतो तुमचे डोळे गेले.

तिने व्हॅन उलटी केली. मागच्या बंपरच्या आत, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, काळ्या रंगाचा एक ठिपका होता. मुगाच्या दाण्याएवढाही नसेल, पण बोटाने नीट टेकवलेला. हा आधी होता का, तिने विचारलं. बंडोपंतांनी चष्मा वर केला, ठिपका पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढा मोठा पुरावा आपल्या नजरेतून सुटला याचंच त्यांना वाईट वाटलं.

३

व्हॅन रुमालात गुंडाळून ती ठाण्यात घेऊन आली आणि अनिमेषला संध्याकाळी तिथे बोलावून घेतलं. पोरगा घाबरला होता, आणि नको तितकं बोलत होता. ही व्हॅन आपल्याला कशी कुठेच मिळाली नाही, कुठे कुठे शोधली, सगळं सांगून झालं. काकांनी आपल्यामागे ती त्यालाच द्यायचं कबूल केलं होतं. मग चोरेन कशाला, त्याने विचारलं. यात तथ्य होतं. पण तो काहीतरी गिळतोय हे तिला दिसत होतं. जरा दम दिल्यावर त्याने ओकलं: शैलेशने त्याला आधीच विचारून ठेवलं होतं, बाबा संस्थेत गेले की हे सगळं कपाट तू नेशील का? आणि तो नेईन म्हणाला होता.

"लाज वाटते मला," अनिमेष म्हणाला. खाली मान घालून बसला.

त्याच्या लॅपटॉपवर गणपतीतला फोटो होता. सुलक्षणाने व्हॅन पडद्याशेजारी धरली. रंगाचं फोटोत काही सांगता येत नव्हतं, पिवळं ते पिवळं. पण पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक टवका उडालेला होता. फोटोतही होता आणि हातातल्या व्हॅनलाही होता. तसाच, तिथेच, तेवढाच.

तिने दोनदा पाहिलं. गाडी बदललेलीच नव्हती. गाडी तीच होती, रंग मात्र दुसरा होता. चोरीला गेला होता तो नुसता रंग. नोकरीत तिने गुरं चोरणारे पाहिले होते, तारा चोरणारे पाहिले होते, पण रंग चोरणारा कुणी पाहिला नव्हता.

शैलेश आला तो चिडूनच. वाईट माणूस नव्हता. ऑफिस, बायकोचं आजारपण, दर आठवड्याला घोटावड्याची फेरी, सगळ्याने पिचलेला होता. बापाला वेडा ठरवायला मुलानेच रंग बदलला की काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. पण बोलायला लागल्यावर तिला दिसलं, की या माणसाला एक व्हॅन दुसरीपासून ओळखता येत नव्हती. कपाटातल्या सगळ्या गाड्या त्याला सारख्याच. बाबा हल्ली काय काय करतात याची यादी मात्र तोंडपाठ. गॅस चालू ठेवतात. एकच गोष्ट चारदा विचारतात. दसऱ्याला तो संध्याकाळी सोनं द्यायला आला, तर बाबा चक्कर येऊन पडलेले. तसंच उचलून पुण्याला दवाखान्यात नेलं, चांगले दोन दिवस ठेवून घेतलं. नखांत हळद भरलेली, इतकी, की नर्सने रागावून नखं कापली.

"स्वतःकडेसुद्धा लक्ष नसतं हो त्यांचं," तो म्हणाला.

दवाखान्यात काय काय केलं, तिने विचारलं. रक्त, लघवी, मेंदूचा स्कॅन. स्कॅनच्या आधी अंगावर धातूचं काही चालत नाही, म्हणून गळ्यातली ती किल्लीसुद्धा काढावी लागली. बाबा तेव्हा शुद्धीत असून नसल्यासारखे होते, त्यांना ते आठवतही नसेल.

"किल्ली घेतली कुणी?"

"आईने," शैलेश म्हणाला. "दुसरं कोण घेणार?"

४

म्हणजे गाठ ओळखीची होती ती उगाच नव्हे. किल्ली उषाकाकूंनी सोडवून घेतली आणि त्यांनीच ती परत बांधली. मधल्या दोन दिवसांत कपाट त्यांच्या हातात होतं. पण नवऱ्याच्या लाडक्या गाडीचा रंग बदलून बाईला मिळणार काय? आणि मिळालं काही तर ते असं, की नवऱ्याला वेडा ठरवताना मुकाट बघत बसायचं? सुलक्षणाला हे काही पटेना. सकाळी जीपमध्ये बसून ती पुन्हा घोटावड्याकडे निघाली तेव्हा आपण कशाला जातोय हेही तिला नीट माहीत नव्हतं.

वाटेत शाळेची बस आडवी आली. नवी कोरी रंगवलेली होती. बस पुढे झाली आणि सुलक्षणाची नजर तिच्या मागच्या बंपरखाली गेली. तिथे काळ्या रंगाचा ठिपका होता, रुपयाएवढा.

तीट. काल रात्रीपासून तिच्या डोक्यात तो शब्द येत होता आणि येता येता राहत होता. तान्ह्या पोराच्या गालाला लावतात ती काजळाची तीट, नजर लागू नये म्हणून. तिच्या आईने तिला लावली होती आणि तिने तिच्या पोरीला. ड्रायव्हरला विचारलं तर त्याने सांगितलं, बस कुशाबाकडे रंगवली, ओढ्याच्या पलीकडे त्याचं गॅरेज हाय.

कुशाबा टेम्पोच्या दाराला पॉलिश पेपर मारत होता. पोलीस बघून उठला. तिने रुमालातली व्हॅन त्याच्यापुढे धरली मात्र, आणि तो हसला.

"माझीच हाय," म्हणाला. "म्हंजी रंग माझा. मोजून येका बोटाचा बरश लागला. लई येळ खाल्ला हिनं."

तीट का लावली, तिने विचारलं. तिची स्वतःची भाषाही त्याच्यासमोर आपोआप गावाकडची झाली.

"सवय हाय बाई. नवा रंग दिल्याव नजर लागती. येवढुशी असली म्हून काय झालं, गाडीच हाय न्हवं?"

रंग गावातल्या शाळेच्या बसचा उरलेला वापरला, तेही त्याने कबूल केलं. कुणाला सांगू नको म्हणून त्या आजींनी शपथ घातली होती, पण पोलीस विचारतायत तर काय करायचं. आजी म्हणजे उषाकाकूच. सुलक्षणाला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. प्रकरण संपलं होतं. जाता जाता सवयीचा म्हणून तिने एक प्रश्न विचारला: कधी आणली होती गाडी?

"दसऱ्याला की. दुपारच्या आल्या व्हत्या, उन्हाच्या. म्या म्हनलं आज न्हाई जमायचं. बरश, रंगाची गन, लांबी भरायची पत्रं, समदं पूजंला मांडलेलं. दसऱ्याला हत्याराला हात न्हाई लावत आमी. म्हनलं ठिवा, उद्या करतो."

सुलक्षणा जीपकडे निघाली होती ती थांबली. बंडोपंत पडले दसऱ्याच्या संध्याकाळी. किल्ली गळ्यातून निघाली ती त्यानंतर, दवाखान्यात. आणि व्हॅन दुपारीच कपाटाबाहेर होती.

दुपारी किल्ली बंडोपंतांच्याच गळ्यात होती.

५

उषाकाकू एकट्या सापडल्या त्या मागच्या अंगणात, तुळशीपाशी. सुलक्षणाने कुशाबाचं नाव घेतलं आणि बाईंनी लगेच कबुली दिली. जणू कधीची तयार करून ठेवलेली. दसऱ्याचं घर आवरताना व्हॅन आपणच घासली, रंग गेला, घाबरलो, रंगवून आणली. झालं. मला काय शिक्षा करायची ती करा, म्हणाल्या.

"काकू, कपाट उघडलं कुणी?"

काकूंनी तुळशीची दोन सुकलेली पानं खुडली. आणखी दोन खुडली. मग कट्ट्यावर बसल्या.

दर दसऱ्याला देवाची उपकरणी घासायचं काम बंडोपंतांचं. निरांजन, समई, घंटा, सगळं चिंचेने आणि राखेने, काथ्या घेऊन. त्या दिवशीही त्या आत पुरण वाटत होत्या आणि बाहेर घासल्याचा आवाज येत होता. हाक आली म्हणून त्या गेल्या. देवापुढे ताम्हनात सगळी उपकरणी लखलखीत मांडलेली, आणि त्यांच्या रांगेत व्हॅन. रंगाचा कण उरला नव्हता. नुसता पांढरा धातू. वर झेंडूचं फूल.

"हातात घेऊन हलवत होते तिला," उषाकाकू म्हणाल्या. "मला विचारलं, ही घंटा वाजत का नाही गं?"

 

जेवून ते झोपले आणि त्या व्हॅन पदराखाली घेऊन कुशाबाकडे गेल्या. कपाट बंडोपंतांनी परत बंद केलं होतं, किल्ली त्यांच्या गळ्यात. परत कशी ठेवायची हे त्यांना सुचत नव्हतं, तर संध्याकाळी तेच पडले आणि दवाखान्यात किल्ली हातात आली. देव पावला असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. शुद्धीवर आल्यावर त्यांना दसऱ्याची सकाळ आठवत नव्हती. घरी आले, कपाटापुढे उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, ही माझी नाही.

"खरं सांगावं तर ह्यांचं डोकं गेलंय हे सिद्ध होतं. न सांगावं तरी तेच," काकू म्हणाल्या. "मी गप्प बसले. वाटलं, चार दिवसांत विसरतील. एवढं सगळं विसरतात. तेवढं मात्र विसरले नाहीत."

६

पुढच्या खोलीत शैलेश येऊन बसला होता आणि त्याच्यासमोर बंडोपंत. सुलक्षणाने व्हॅन टेबलावर ठेवली. उभ्यानेच सांगितलं, कारण एकदा बसलं तर पुन्हा उठवणार नव्हतं. काका सांगतात ते खरं आहे. गाडी तीच आहे, पण रंग तो नाही. शाळेच्या बसचाच रंग आहे, आणि बसच्याच गॅरेजमध्ये दिलाय. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नाही.

शैलेशचा चेहरा पार पडला. तो वडिलांकडे बघू शकेना. रंग दिला कुणी, त्याने विचारलं. सुलक्षणाने तोंड उघडायच्या आत उषाकाकू दारातून म्हणाल्या, मी. तुम्ही दोघं दवाखान्यात होतात तेव्हा मी कपाट पुसायला काढलं, व्हॅन घासली, रंग गेला. भीतीने बोलले नाही.

किल्ली, दसरा, कुशाबाची पूजा, सगळं सुलक्षणाच्या जिभेवर होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत अर्धवट खरं तिने कधी चालवून घेतलं नव्हतं. पण ती दमली होती, आणि समोरची बाई तिच्याकडे बघत होती. ती गप्प राहिली.

शैलेश उठून वडिलांच्या पायाशी बसला. रडला. संस्थेचं नाव आता काढणार नाही म्हणाला. बंडोपंतांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथे ठेवून बराच वेळ आपल्याच बोटांकडे पाहत राहिले.

फाटकापर्यंत ते सुलक्षणाला पोचवायला आले. सरकारी कागदात काय लिहिणार, त्यांनी विचारलं. तक्रारीत तथ्य आहे, चोरी झालेली नाही, असं लिहीन, ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली.

"दवाखान्यात नर्सने माझी नखं कापली," बंडोपंत म्हणाले. "म्हणाली, केवढी हळद. मी तिच्या ट्रेमधले तुकडे पाहिले होते. तेव्हा काही कळलं नाही. पण हळद पाण्याने फिकी पडते, बाई. तो एनॅमल होता. उषाने घासली असती तर तो तिच्या नखांत असता."

 या माणसाशी सुलक्षणाला खोटं बोलवत नव्हतं.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले. "आणि शैलेशही बरोबर आहे. दिवाळी होऊ दे. मग मीच सांगीन त्याला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं."

त्यांनी जानवं बाहेर काढलं आणि किल्लीची गाठ सोडवायला घेतली. सुटेना. सुलक्षणाने सोडवून दिली. किल्ली त्यांनी तिच्याच हातात ठेवली आणि म्हणाले, आत जाऊन तिला द्या, मी दिली तर घेणार नाही.

ती परत आत गेली. उषाकाकूंनी किल्ली पाहिली, मग खिडकीतून फाटकापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं.  सुलक्षणाला म्हणाल्या, बसा, चहा ठेवते, पाय सुजलेत तुमचे. मग किल्ली त्यांनी मंगळसूत्राला बांधली, आणि गाठ तीच मारली.